पाणी ओढणारी साखर

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ केव्हा घालावे ह्यावरून आमच्या घरात वर्षातून दोनचार वेळा तरी खटका उडतो. मी हौसेने काकडी चोचवतो, दाण्याचे कूट घालतो आणि लगेच मीठही घालून मोकळा होतो. पाने मांडायला अजून अर्धा तास असतो. तेवढ्यात भांड्याच्या तळाशी वाटीभर पाणी साचते, काकडी मरगळते आणि सौ. म्हणते, "डॉक्टरकी दवाखान्यात करा. मीठ पान वाढताना घालायचं असतं!"

तिचे बरोबर आहे. मधे बारीक पडदा असला आणि एका बाजूला मीठ किंवा साखर जास्त असली, की पाणी त्या बाजूला धावते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ते ह्याच न्यायाने, आणि मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात त्याही ह्याच न्यायाने. नोले नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने १७४८ साली दारूच्या अर्काने भरलेल्या बाटलीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचे कातडे बांधले, बाटली पाण्यात बुडवून ठेवली आणि कातडे फुगून वर आलेले पाहिले. शाळेच्या पुस्तकात ह्याला परासरण म्हणतात. आमच्या घरात ह्याला कोशिंबिरीचा सत्यानाश म्हणतात. असो.

आज सांगायचे आहे ते ह्याच नियमावर चालणाऱ्या एका औषधाबद्दल. मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या खाटेशी ज्यांना कधी रात्र काढावी लागली आहे, त्यांनी त्याचे नाव ऐकलेले असते. "मॅनिटॉल लावलंय," असे सिस्टर सांगते, आणि नातेवाईक बाटलीकडे पाहून म्हणतात, "एवढीशीच? सलाईन तर चांगलं मोठं असतं!" औषध तसे साधे आहे, फार महाग नाही, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत हात थोडा सैल सुटतो. माझा एकदा सुटला होता. ते पुढे सांगेन.

आधी एक बरी गोष्ट. सहा वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजी, वय अडुसष्ट, काटक प्रकृतीच्या, पूजा आटोपून गच्चीच्या कठड्यावरच्या पणत्यांकडे पाहत अंधारात बसल्या होत्या. "प्रत्येक पणतीभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसतंय रे," असे त्या नातवाला म्हणाल्या. नातू हसला. नऊच्या सुमारास त्यांचे डोके उठले, उजवा डोळा ठणकू लागला आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. चकल्या-शेवेचे तेलकट बाधले, पित्त खवळले, असे घरच्यांनी ठरवून टाकले आणि आल्या-लिंबाचे चाटण दिले. साडेदहाला मुलगा माझ्या दारात उभा राहिला तो पित्तावरची गोळी मागायला. "डॉक्टरकाका, एक गोळी द्या, उगाच तुम्ही उठू नका."

मी उठलो हे बरे झाले. आजींचा उजवा डोळा लालबुंद होता, बुबुळावर फुंकर मारलेल्या काचेसारखी धुरकटी आली होती, आणि बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजली होती. विजेरीचा उजेड टाकला तरी हलेना. मिटलेल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे बोटांनी चाचपले. डावा पिकल्या द्राक्षासारखा मऊ होता, उजवा मुलांच्या खेळातल्या गोटीसारखा टणक. काचबिंदूचा हा एकाएकी येणारा झटका. काहींच्या डोळ्यात पाणी निचरून जाण्याचा कोपरा मुळातच अरुंद असतो. अंधारात बाहुली मोठी झाली की तो कोपरा बंद पडतो, आत पाणी तयार होतच राहते, आणि दाब चढत जातो. निरोगी डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. नेत्रवैद्यांनी रात्री मोजला तेव्हा आजींचा ५८ भरला. असा दाब काही तास राहिला की डोळ्यामागची दृष्टीची नस कायमची मरते. पणतीभोवतीचे कडे म्हणजे झटक्याची वर्दीच होती. ती आम्ही कुणी ऐकली नाही.

डोळ्यात थेंब घातले, डोळ्यात तयार होणारे पाणी कमी करणारे इंजेक्शन दिले, पण दाब लवकर उतरायला हवा होता. पोटातून ग्लिसरीन पाजण्याचा एक जुना उपाय आहे. तेही असेच पाणी ओढते. पण ज्या बाईच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नाही तिला ग्लिसरीन काय पाजणार? शिवाय मधुमेही माणसाची साखर त्याने वाढते, तो वेगळाच घोटाळा. तेव्हा मॅनिटॉल. नेत्रवैद्य माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण त्यांनी बाटली टांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले ते ऐकून मला बरे वाटले. "आजी, जिना चढताना दम लागतो का? पायाला सूज येते का? लघवी रोजच्यासारखी होते ना?" मग छातीला नळी लावली, आणि मगच शीर शोधली. आजींचे वजन ५० किलो. किलोला १ ग्रॅम ह्या हिशेबाने ५० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या द्रावणाचे २५० मिलिलिटर, पाऊण तासात. तास-दीड तासात डोळा मऊ पडू लागला. ओकारी थांबली. आजींनी पहिला प्रश्न विचारला तो लक्ष्मीपुढच्या समईत तेल घातले का, हा.

आता हे घडते कसे ते पाहू. मॅनिटॉल ही एक प्रकारची साखरच, पण शरीराला न पचणारी. शिरेतून दिली की ती रक्तात फिरते, पण पेशींच्या आत शिरत नाही. त्यामुळे रक्त घट्ट होते आणि आजूबाजूच्या मांसातून, मेंदूतून, डोळ्यातून पाणी रक्तात ओढले जाते. हा पहिला अंक. दुसरा अंक मूत्रपिंडात. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीडेक लिटर सोडून बाकी सगळे परत घेतात. इतका चोख हिशेब कुठल्या वाण्याकडेही नसेल. मॅनिटॉल गाळले जाते, पण परत घेतले जात नाही. ते नळ्यांतून जाताना आपल्याबरोबरचे पाणी घट्ट धरून ठेवते, आणि भराभर लघवी होते. मधुमेह्याला सारखी लघवी का लागते, ह्याचे उत्तरही इथेच आहे. त्याच्या रक्तातली जास्तीची साखर नळ्यांना परत घेववत नाही, मग ती पाणी घेऊन बाहेर पडते. निसर्गाने त्याला न मागता दिलेले हे मॅनिटॉलच म्हणा ना.

औषधाचे नाव मान्ना ह्या शब्दावरून आले. सिसिली बेटावर एका जातीच्या झाडाच्या सालीला उन्हाळ्यात चिरा पाडतात. त्यातून रस गळतो आणि वाळून पांढरट कांड्या होतात, तोच मान्ना. पोट साफ होण्यासाठी युरोपात तो पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला गेला. प्रूस्त ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०६ साली त्यातली ही साखर वेगळी काढली. मेंदूशी तिचा संबंध यायला मात्र दीडशे वर्षे लागली. १९१९ साली अमेरिकेत वीड आणि मॅकिबन ह्यांनी मांजरांच्या शिरेत घट्ट मिठाचे पाणी सोडले आणि मेंदू आकसतो असे दाखवले. मग १९५६ च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या जाविद ह्यांनी युरिया वापरायला सुरुवात केली. युरिया चांगला चाले, पण शिरेबाहेर सांडला तर कातडी जाळी, आणि हळूहळू मेंदूत शिरून उलटाच खेळ करी. १९६२ साली सॅनफ्रॅन्सिस्कोच्या वाइज आणि चेटर ह्यांनी मॅनिटॉलचा अनुभव प्रसिद्ध केला आणि युरिया मागे पडला.

मेंदूच्या बाबतीत ह्या औषधाचे एवढे महत्त्व का, तर कवटी ही बंद पेटी आहे म्हणून. पायाला सूज आली तर पाय जाडा होतो, चप्पल होत नाही, एवढेच. मेंदूला सूज आली तर फुगायला जागाच नाही. कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी अशी तीन बिऱ्हाडे राहतात. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आखडावे लागते. आखडण्याची सीमा संपली की दाब एकदम चढतो, आणि मेंदू खालच्या भोकाकडे ढकलला जाऊन श्वासाचे केंद्र चेपले जाते. मोटारसायकलवरून पडलेला तरुण रात्री बडबडत असतो, पहाटे त्याची एक बाहुली मोठी होते, नाडी मंदावते. अशा वेळी किलोला पाव ते एक ग्रॅम मॅनिटॉल पंधरा-वीस मिनिटांत दिले, की पुष्कळदा बाहुली पुन्हा आकसते. रक्त पातळ होऊन पहिला गुण मिनिटांतच येतो, पाणी ओढण्याचा गुण त्यामागून, आणि सगळा मिळून चारसहा तास टिकतो.

पण एवढ्या तासांत काय करायचे? मेंदूचे छायाचित्र काढायचे, गुठळी असेल तर ती काढायला शस्त्रक्रियेची तयारी करायची. मॅनिटॉलने गुठळी विरघळत नाही, फुटलेली शीर सांधत नाही. मोठ्या शहराकडे रोगी हलवताना वाटेत जीव राहावा म्हणून त्याचा जो उपयोग होतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि नुसत्या बाटल्यांवर भरवसा ठेवून आठ दिवस बसलेलेही पाहिले आहेत. दर बाटलीमागे थोडे मॅनिटॉल सुजलेल्या मेंदूत झिरपते. ते तिथे साठले की पाणी उलट आत ओढते. म्हणूनच ते दिवसेंदिवस चालू ठेवायचे नसते, आणि बरेच दिले असेल तर एकदम बंदही करायचे नसते.

मेंदूची प्रत्येक सूज त्याला दाद देते असेही नाही. हिवताप मेंदूत गेला की मेंदू सुजतो, तेव्हा मॅनिटॉल द्यावे हे तर्काला किती पटते! ओरिसातल्या रुरकेल्याच्या डॉक्टरांनी रीतसर तुलना केली आणि २०११ साली निष्कर्ष छापला. मॅनिटॉल दिलेले रोगी शुद्धीवर यायला उलट जास्त वेळ लागला. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या मुलखात काम करणाऱ्या आमच्या मंडळींनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मला ह्या अभ्यासाचे फार कौतुक वाटते. पटणारी गोष्ट तपासून पाहायला न पटणारी तपासण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

आता माझी गोष्ट. १९७९ साल. मी मुंबईच्या एका इस्पितळात हाउसमन होतो. नाव सांगत नाही, कारण दोष इस्पितळाचा नव्हता. साठीचे एक गृहस्थ, आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेली. संध्याकाळपासून आठ तासांत लघवी सगळी मिळून ४० मिलिलिटर. त्या काळी आमच्यात एक मंत्र होता: लघवी होत नाही? मॅनिटॉल द्या. वरिष्ठांना दूरध्वनी केला. ते झोपेत म्हणाले, "थोडं मॅनिटॉल देऊन बघ." 'थोडं' आणि 'बघ' ह्या दोन्ही शब्दांत सगळे शास्त्र होते, पण मला फक्त मधला शब्द ऐकू आला. मी ३५० मिलिलिटरची अख्खी बाटली सोडली. तासाभराने नळीच्या पिशवीत पाहिले, थेंब नाही. मग मी, चोवीस वर्षांचा शहाणा, स्वतःच्या विचाराने दुसरी लावली.

दोन बाटल्यांत १४० ग्रॅम मॅनिटॉल होते. त्याने आपले काम चोख केले. सगळ्या अंगातले पाणी ओढून रक्तात आणले. पण बाहेर पडायचा दरवाजा बंद होता. मूत्रपिंडांनी काम थांबवले होते, आणि ज्या औषधाला शरीरातून जायला मूत्रपिंडाखेरीज वाट नाही ते मी त्यांच्याच दारात ओतत होतो. ते पाणी जाणार कुठे, हा प्रश्न मला पडलाच नाही. पहाटे चारला ते उठून बसले, उशी छातीशी धरली आणि म्हणाले, "डॉक्टर, हवा नाही." छातीत बुडबुड्यांचा आवाज, तोंडाशी गुलाबी फेस. जे जे करायचे ते केले, वरिष्ठ धावत आले. सव्वासहाला सगळे संपले. सातला त्यांची मुलगी चहाचा थर्मास घेऊन जिन्यात भेटली. मला पाहून तिने विचारले, "झाली का लघवी?"

वरिष्ठांनी मला रागावून घेतले नाही. दुपारी कागदावर हिशेब करून दाखवला. किलोला ०.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ ग्रॅम, अवघे ६० मिलिलिटर, तीन ते पाच मिनिटांत. मग हात बांधून दोनतीन तास बसायचे. तासाला ३० ते ५० मिलिलिटर लघवी आली तर पुढचा विचार. नाही आली तर फार तर आणखी एकदा तेवढेच, आणि तरीही नाही आली तर औषध कपाटात. त्याआधी रोगी कोरडा पडला आहे का ते पाहायचे. त्याला पाणी कमी पडले असेल तर द्यायचे ते पाणी, पाणी काढणारे औषध नव्हे. तो कागद मी कित्येक वर्षे पाकिटात बाळगला. बंद पडत्या मूत्रपिंडाला मॅनिटॉलने जागे करण्याचा तो रिवाज आता जवळजवळ संपला आहे. त्याने मूत्रपिंड वाचते असे पुराव्याने ठरले नाही.

बाटलीविषयी थोडे सांगायला हवे, कारण ह्या औषधाचा एक खोडसाळ स्वभाव आहे. २० टक्क्यांचे द्रावण इतके गच्च असते, की खोली जरा गारठली की मॅनिटॉलचे स्फटिक होऊन तळाशी बसतात. पुढे काही वर्षे मी निफाडच्या बाजूला एका लहान इस्पितळात होतो. तिकडची डिसेंबरातली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. एका रात्री ट्रॅक्टरवरून पडलेला मुलगा आला, बाहुली मोठी होत चाललेली, आणि मी "बाटली, बाटली" म्हणून ओरडत होतो. तिथल्या जुन्या सिस्टरांनी बाटली आणली, दिव्यासमोर धरली, आडवी केली, आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, ही देता येणार नाही. खडीसाखर झालीय." मी चिडलो. त्यांनी शेगडीवरच्या गरम पाण्यात बाटली ठेवली, मधून मधून हलवली, सगळे विरघळले ते पुन्हा दिव्यासमोर धरून पाहिले, मग अंगाइतकी कोमट होईस्तोवर फडक्यात धरून बसल्या. दहाबारा मिनिटे गेली असतील, मला दोन तास वाटले. नळीत जाळीची सुई लावूनच त्यांनी ती सुरू केली. एखादा खडा शिरेत गेला असता तर काय, हे त्यांनी मला त्या रात्री ऐकवले नाही, सकाळी ऐकवले. मुलगा नाशिकपर्यंत जिवंत पोचला आणि पुढे बरा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या बाटल्या औषधांच्या कपाटातून काढून शेगडीजवळच्या फडताळात ठेवल्या जाऊ लागल्या.

बाकीची काळजी थोडक्यात. ज्या नळीतून रक्त चालू आहे तीतून मॅनिटॉल सोडायचे नाही. रक्तपेशी आकसतात, गोळा होतात. सुई शिरेत नीट आहे ना हे पाहायचे, कारण बाहेर सांडले तर हात सुजून कातडी मरते. बेशुद्ध रोग्याला लघवीची नळी आधी घालायची. हृदय दुबळे असेल, फुप्फुसात पाणी असेल, मूत्रपिंड बंद असेल, अंग कोरडे पडले असेल, तर हे औषध नाही. कवटीत ताजा रक्तस्राव चालू असेल आणि शस्त्रक्रियेची तयारी नसेल तरीही नाही. रक्तातले मीठ आणि पोटॅशियम मोजत राहायचे. आधी मीठ उतरते, कारण रक्तात पाणी येते. मग लघवीवाटे पाणी गेले की चढते. रक्ताचा घट्टपणा एका एककात मोजतात, तो निरोगी माणसात २९० च्या आसपास असतो आणि ३२० च्या वर जाऊ द्यायचा नाही, असा आमचा जुना दंडक आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी मेंदूच्या सुजेला घट्ट मिठाचे पाणीच देतात. वीड आणि मॅकिबन परत आले म्हणायचे.

आतडे धुण्यासाठी मॅनिटॉल पाजण्याचीही एके काळी पद्धत होती. आतड्यातले जंतू त्यावर ताव मारून पेट घेणारा वायू तयार करतात. १९७९ सालीच फ्रेंच डॉक्टरांनी नोंदले, की आतड्यातला कोंब विजेने जाळताना स्फोट होऊन रोगी दगावला. ती पद्धत बंद झाली.

नातेवाइकांना माझे दोनच सांगणे. बाटलीखालच्या चिमट्याला हात लावू नका. "लवकर संपू दे" म्हणून सैल करणारे आणि "सोसणार नाही" म्हणून आवळणारे, दोघेही मी पाहिले आहेत. आणि रोग्याला पूर्वी मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तो गेल्या दोन दिवसांत किती पाणी प्याला, लघवी शेवटची केव्हा झाली, हे कुणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा. घाईच्या रात्री हे विचारायचे राहून जाते. लघवीची पिशवी रिकामी करणाऱ्याने आकडा लिहून ठेवला तर डॉक्टर त्याचे उपकार विसरणार नाही.

राहता राहिल्या आजी. दोन दिवसांनी डोळ्याची धुरकटी गेल्यावर नेत्रवैद्यांनी उजव्या डोळ्याच्या पडद्याला लेसरने बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली, आणि पुढच्या आठवड्यात डाव्यालाही, कारण ज्याचा एक कोपरा अरुंद त्याचा बहुधा दुसराही असतो. डाव्या डोळ्याला काहीच झालेले नसताना हात का लावता, ह्यावर त्यांनी बराच वाद घातला. भाऊबिजेला मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे बशी ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "ह्यांना चहा अर्धा कपच दे. त्या रात्री ह्यांच्या औषधापायी मला सात वेळा उठवलंय."